रॉ क्वेरीत व्हॅल्यू चिकटवू नका, वेगळी पाठवा

कळमन्याच्या संत्रा मार्केटमधल्या एका अडत्याकडे आमचं बिलिंग चालतं. आंबिया बहाराचे दिवस होते, सकाळी सकाळी काट्यावर गाड्या लागलेल्या आणि फोन आला, "भाऊ, एकाच शेतकऱ्याची पट्टी निघून नाही राहिली, बाकी सगळ्यांची निघून राहिली, गाडी उभी आहे त्याची." (पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा शेतकऱ्याला मिळणारा हिशेब.) आडनाव विचारलं तर डि'सूझा. बस, तिथेच कळलं काय झालं ते. आडनावाच्या मधोमध जे एकेरी अवतरण चिन्ह आहे ना, त्याने आमची क्वेरी (डेटाबेसकडे माहिती मागणारं वाक्य) मोडली होती.

त्या दिवशी घाईघाईत जो उपाय केला तो चुकीचा होता, आणि तोच उपाय मला आजही खूप जणांच्या कोडमध्ये दिसतो म्हणून सांगतो. ते चिन्हच काढून टाकलं. पट्टी निघाली, पण तिच्यावर नाव पडलं डिसूझा, आणि बँकेत नाव जुळेना म्हणून त्या माणसाच्या पेमेंटला चार दिवस उशीर झाला. माणसाचं नाव आपल्या क्वेरीच्या सोयीसाठी बदलायचा आपल्याला काही अधिकार नाही. आणि खरी भानगड तर संध्याकाळी कळली, ऑफिसात बसून मी दुसऱ्या एका पानावरच्या सर्चच्या डब्यात एक मुद्दाम वाकडी ओळ टाकली आणि त्या सीझनच्या सगळ्याच्या सगळ्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या, मोबाइल नंबर, खाते नंबर, सगळं स्क्रीनवर आलं. पट्टी न निघणं हे लक्षण होतं, आजार हा होता.

पुढे जे लिहितोय ते रॉ क्वेरी, म्हणजे डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेतलं वाक्य स्वतः हाताने, लिहिणाऱ्यांसाठी आहे, भाषा कुठलीही असो. क्वेऱ्या मी बोलतो तशाच लिहितोय, एडिटरमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाइप कराल.

आमच्या कोडमध्ये क्वेरी अशी बनत होती:

"सिलेक्ट * फ्रॉम पट्टी व्हेअर आडनाव = '" + आडनाव + "'"

पाटील टाकलं तर मस्त चालते. डि'सूझा टाकलं की डेटाबेसकडे जातं ते असं:

सिलेक्ट * फ्रॉम पट्टी व्हेअर आडनाव = 'डि'सूझा'

डेटाबेसला वाटतं की आडनाव "डि" इतकंच आहे, पुढे सूझा नावाचं काहीतरी निरर्थक आलंय आणि शेवटचं चिन्ह उघडलंय पण बंदच झालं नाही. एरर. आता त्याच डब्यात कोणी डि'सूझाऐवजी क' ऑर '१'='१ असं टाकलं तर?

सिलेक्ट * फ्रॉम पट्टी व्हेअर आडनाव = 'क' ऑर '१'='१'

ही क्वेरी व्याकरणाने एकदम बरोबर आहे, एरर येतच नाही, आणि एक बरोबर एक हे प्रत्येक ओळीसाठी खरं असल्यामुळे अख्खं टेबल बाहेर येतं. डि'सूझांच्या नावामुळे निदान फोन तरी आला, ह्या दुसऱ्या प्रकारात कोणाला पत्ताही लागत नाही. ह्यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात, आणि ही काही नवीन गोष्ट नाही, जेफ फॉरिस्टल ह्यांनी १९९८ मध्ये 'फ्रॅक' ह्या ऑनलाइन मासिकात ही युक्ती लिहून ठेवली होती, आणि इतक्या वर्षांनंतरही आपण तेच प्लसचं चिन्ह वापरून राहिलो.

उपाय समजायला अडत्याकडचं छापील पट्टीबुक डोळ्यासमोर आणा. रकाने प्रेसमध्येच छापून आलेत, नाव, गाव, वजन, भाव, हमाली, तोलाई. मुनीम शेतकऱ्याच्या नावाच्या रकान्यात पेनाने काहीही लिहो, "हमाली शून्य" असं का लिहिना, त्याने हमालीचा रकाना बदलत नाही, ते फक्त एक विचित्र नाव होतं. क्वेरीचंही तसंच करायचं. आधी रिकामे रकाने ठेवलेलं वाक्य डेटाबेसला द्यायचं, त्याने ते वाचून, समजून ठेवायचं, आणि मग व्हॅल्यू वेगळ्या वाटेने पाठवायच्या. पोस्टग्रेस ह्या डेटाबेसमध्ये हे अक्षरशः वेगवेगळे निरोप असतात, आधी पार्स (वाक्य वाचणं), मग बाइंड (व्हॅल्यू बसवणं), मग एक्झिक्युट (चालवणं). पार्स झालं त्या क्षणी वाक्याचा अर्थ पक्का झाला, बाइंडमध्ये आलेल्या व्हॅल्यूत कितीही चिन्हं असू देत, तिला वाक्याचा भाग व्हायची संधीच नाही. चिन्ह "साफ" करायची गरज म्हणूनच पडत नाही, डि'सूझा हे डि'सूझाच राहतं.

पायथनमध्ये एसक्यूलाइट ह्या डेटाबेसबरोबर ते असं दिसतं:

कर्सर.एक्झिक्युट("सिलेक्ट * फ्रॉम पट्टी व्हेअर आडनाव = ?", (आडनाव,))

प्रश्नचिन्ह म्हणजे रिकामा रकाना. आता इथे तीन गोष्टी जवळून पाहा, कारण नवीन पोरं नेमकी इथेच अडकतात.

पहिली, प्रश्नचिन्हाभोवती अवतरण चिन्हं टाकायची नाहीत. सवयीने हात जातो, मजकूर आहे म्हणजे अवतरणात हवा असं वाटतं. पण '?' लिहिलं की तो रकाना राहिला नाही, ते नुसतं प्रश्नचिन्ह हे अक्षर झालं, आणि एसक्यूलाइट म्हणेल की ह्या वाक्यात शून्य रकाने आहेत आणि तुम्ही एक व्हॅल्यू देऊन राहिले. सायकोपीजी२ ह्या पोस्टग्रेसच्या पायथन लायब्ररीत रकान्यासाठी %एस लिहितात, तिथे अवतरण टाकणं तर जास्तच वाईट, कारण ती लायब्ररी स्वतःची अवतरणं टाकते, त्यात तुमची मिसळली की व्हॅल्यू पुन्हा अवतरणाच्या बाहेर पडते आणि भोक परत उघडं.

दुसरी, आडनाव नंतरचा तो एकटा स्वल्पविराम. तो विसरला की पायथनला ट्यूपल (व्हॅल्यूंची यादी) दिसतच नाही, साधी स्ट्रिंग दिसते, आणि स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची रांग, म्हणून एसक्यूलाइट प्रत्येक अक्षर वेगळी व्हॅल्यू धरतं. गाव म्हणून "काटोल" पाठवलं तर एरर येतो की रकाना १ आणि व्हॅल्यू ५ आल्या. आपल्या डोळ्यांना काटोल तीन अक्षरी वाटतं, पण संगणकाला क, काना, ट, ओकार आणि ल असे पाच तुकडे दिसतात. हा एरर दिसला की आधी स्वल्पविराम शोधा, दहापैकी नऊ वेळा तोच असतो.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण तिच्यात एररच येत नाही. ह्या दोन ओळी पाहा:

कर्सर.एक्झिक्युट("... व्हेअर आडनाव = %एस", (आडनाव,))
कर्सर.एक्झिक्युट("... व्हेअर आडनाव = '%एस'" % आडनाव)

वरच्या ओळीत व्हॅल्यू डेटाबेसच्या लायब्ररीकडे वेगळी जाते. खालच्या ओळीत पायथननेच दोन्ही चिकटवून टाकलंय, एक्झिक्युटला पोचेपर्यंत एकच स्ट्रिंग उरली, म्हणजे हे प्लसच्या चिन्हासारखंच. खरा फरक स्वल्पविराम की टक्क्याचं चिन्ह एवढाच आहे, आणि कोड रिव्ह्यूमध्ये नजर सहज घसरते. एफ-स्ट्रिंगचंही (पायथनमध्ये मजकुरातच व्हॅल्यू भरायची सोय) हेच, दिसायला कितीही सुटसुटीत असली तरी क्वेरीत तिच्यातून युजरची व्हॅल्यू घालायची नाही म्हणजे नाही.

बाकी भाषांमध्ये आणि लायब्रऱ्यांमध्ये रकान्याचं चिन्ह बदलतं, विचार तोच राहतो. जावात प्रिपेअर्ड स्टेटमेंट, प्रश्नचिन्हं आणि सेट-स्ट्रिंग, फक्त मोजणी शून्यापासून नाही तर १ पासून. नोडमध्ये पोस्टग्रेस असेल तर डॉलरचं चिन्ह आणि पुढे आकडा. एसक्यूएलअल्केमीत टेक्स्ट फंक्शनच्या आत अपूर्णविराम आणि नाव, म्हणजे :आडनाव असं. जॅंगोत रॉ असो की कर्सर, %एस आणि दुसरा आर्ग्युमेंट म्हणून लिस्ट. पीएचपीत पीडीओ घ्या, जुनी मायएसक्यूएल-क्वेरीवाली फंक्शन्स तर पीएचपी ७ मध्ये भाषेतूनच काढून टाकलीत, तरी जुन्या ट्युटोरियल्समध्ये अजून सापडतात, तिथून कॉपी करू नका. पीडीओबद्दल अजून एक, मायएसक्यूएलसोबत तो बाय डिफॉल्ट खरं प्रिपेअर करत नाही, स्वतःच व्हॅल्यू बसवून अख्खी क्वेरी पाठवतो, म्हणून इम्युलेट-प्रिपेअर्सचं सेटिंग फॉल्स करून घ्या. मग लिमिटमध्ये पाठवलेला आकडा अवतरणात जाऊन क्वेरी तुटते तो त्रासही जातो. प्रिझ्मात क्वेरी-रॉ चालेल, पण क्वेरी-रॉ-अनसेफ हे नावच सांगून राहिलं की त्यात चिकटवलेली स्ट्रिंग गेली तर सांभाळणारं कोणी नाही.

आता जिथे लोक म्हणतात "इथे पॅरामीटर चालतच नाही भाऊ, म्हणून चिकटवलं", त्या जागा. पॅरामीटर म्हणजे हीच रकान्यातून वेगळी पाठवलेली व्हॅल्यू. खरं काम इथेच आहे.

सर्च आधी. नावाचा काही भाग टाकून शोधायचं असतं, म्हणून लिहितात लाइक '%?%', आणि वर सांगितलं तसं ते प्रश्नचिन्ह अवतरणात अडकतं, चालत नाही, मग वैतागून चिकटवतात. टक्क्याची चिन्हं क्वेरीत नाही, व्हॅल्यूत टाका. क्वेरीत नुसतं लाइक ? ठेवा आणि व्हॅल्यू पाठवा "%" + नाव + "%". इथे प्लस चालतं कारण तुम्ही व्हॅल्यू बनवून राहिले, वाक्य नाही. एवढं मात्र की युजरनेच टक्का किंवा अंडरस्कोर टाइप केला तर लाइक त्याला "काहीही चालेल" असं समजतं. ह्याने डेटा चोरीला जात नाही पण सर्च भलतंच दाखवतो, म्हणून ती दोन चिन्हं आधी एस्केप करा, म्हणजे त्यांच्यापुढे खुणेचं चिन्ह लावून त्यांना साधी अक्षरं करा, आणि क्वेरीत एस्केपचं कलम द्या. सायकोपीजी किंवा जॅंगोत क्वेरीच्या आत खरोखरचा टक्का लिहायचाच असेल तर तो दोनदा लिहावा लागतो, %% असा.

मग इन ची यादी. अडत्याला काटोल, नरखेड, सावनेर ह्या तीन गावांच्या पट्ट्या एकत्र हव्या होत्या. एका प्रश्नचिन्हात तीन गावं बसत नाहीत, एक रकाना म्हणजे एकच व्हॅल्यू. लोक "काटोल,नरखेड,सावनेर" अशी एकच स्ट्रिंग पाठवतात, डेटाबेस त्या लांबलचक नावाचं एक गाव शोधतो आणि रिकामी यादी देतो. करायचं असं, गावं जितकी तितकी प्रश्नचिन्हं तयार करा:

रकाने = ", ".जॉइन(["?"] * लेन(गावं))
क्वेरी = "सिलेक्ट * फ्रॉम पट्टी व्हेअर गाव इन (" + रकाने + ")"
कर्सर.एक्झिक्युट(क्वेरी, गावं)

हो, इथे क्वेरीत प्लस आहे, आणि तरी हे सुरक्षित आहे, कारण जे चिकटलं ते फक्त प्रश्नचिन्हं आणि स्वल्पविराम, युजरकडून आलेलं एक अक्षरही त्यात नाही. मी रिव्ह्यू करताना प्लस दिसला की लगेच नापास करत नाही, चिकटलेला तुकडा कुठून आला ते विचारतो. आपल्या कोडमधून आला तर ठीक, बाहेरून आला तर नाही. पोस्टग्रेसमध्ये ह्याहून सोपं आहे, गाव = एनी(%एस) लिहा आणि अख्खी लिस्ट एकच व्हॅल्यू म्हणून द्या. यादी रिकामी असेल तर क्वेरी चालवायच्या आधीच रिकामं उत्तर परत द्या, कारण इन पुढे रिकामा कंस मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोघांनाही चालत नाही. आणि यादी फार मोठी होत असेल तर मर्यादा लक्षात ठेवा, एसक्यूलाइटमध्ये ३.३२ च्या आधी बाय डिफॉल्ट ९९९ रकाने होते, आता ३२,७६६ आहेत, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २,१००, पोस्टग्रेसमध्ये ६५,५३५. तेवढी गरज पडत असेल तर टेम्पररी टेबलात टाकून जॉइन करा.

ऑर्डर बाय, म्हणजे ओळींचा क्रम लावणं. ही जागा मला सगळ्यात धोक्याची वाटते, कारण इथे खरंच पॅरामीटर चालत नाही. रकान्यात फक्त व्हॅल्यू बसते, कॉलमचं नाव, टेबलचं नाव, चढता-उतरता क्रम हे वाक्याचे भाग आहेत, व्हॅल्यू नाहीत. ऑर्डर बाय ? लिहून "वजन" पाठवलं तर डेटाबेस प्रत्येक ओळीसाठी "वजन" ह्या शब्दावरून क्रम लावतो, सगळ्या ओळींना तोच शब्द, म्हणजे क्रम लागतच नाही, आणि बऱ्याचदा एररही येत नाही. मग कोणीतरी यूआरएलमधून आलेलं नाव सरळ चिकटवतं. करायचं हे की युजरच्या शब्दाला क्वेरीपर्यंत येऊच द्यायचं नाही, त्याच्यावरून आपल्या यादीतला शब्द उचलायचा:

क्रम = {"तारीख": "पट्टी_तारीख", "वजन": "एकूण_वजन", "रक्कम": "निव्वळ_रक्कम"}
कॉलम = क्रम.गेट(युजरने_पाठवलेलं, "पट्टी_तारीख")

आता कॉलममध्ये जे काही आहे ते तुम्हीच टाइप केलेलं आहे. युजरने काहीही पाठवो, तीनपैकी एक निवडला जाईल नाहीतर तारीख. नाव तपासून तेच पुढे पाठवण्यापेक्षा हे चांगलं, कारण तपासणीत फट राहू शकते, उचलण्यात राहत नाही. सीझनप्रमाणे टेबलं वेगळी असतील, आंबियाचं एक आणि मृगाचं एक, तरी हीच पद्धत.

पॅरामीटर वापरूनही एक चूक राहून जाते, टाइपची. मायएसक्यूएलमध्ये मोबाइलचा कॉलम मजकुराचा असेल आणि एपीआयमधून जेसनमध्ये ० हा आकडा आला तर डेटाबेस तुलनेसाठी कॉलमचेच आकडे करतो. मोबाइलच्या जागी "नाही" किंवा "माहीत नाही" असं लिहिलेल्या सगळ्या ओळी ० होतात आणि जुळतात, वरून इंडेक्सही वापरला जात नाही. म्हणून बाइंड करायच्या आधी स्ट्रिंग हवी तिथे स्ट्रिंगच करून घ्या. तारखेचंही तसंच, ०५/११ म्हणजे पाच नोव्हेंबर की अकरा मे हे डेटाबेसवर सोडू नका, तारखेचा ऑब्जेक्ट पाठवा. आणि गाव भरलेलंच नसेल तर गाव = ? मध्ये नल (रिकामी व्हॅल्यू) पाठवून काही मिळणार नाही, नल कशाच्याच बरोबर नसतो, स्वतःच्याही नाही. तिथे इज नल लागतं, पोस्टग्रेसमध्ये इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम आणि मायएसक्यूएलमध्ये <=> दोन्ही बाजू सांभाळतात.

अजून एक जागा आहे जिच्याबद्दल मी प्रत्येक नवीन इंटर्नशी बोलतो, आयटी पार्कच्या रस्त्यावर तर्री पोहे खातानाच बऱ्याचदा हा विषय निघतो. ते म्हणतात, "सर, ही व्हॅल्यू युजरची नाही, आपल्याच डेटाबेसमधून आली, हिला कशाला पॅरामीटर?" पण डेटाबेसमध्ये ती टाकली कोणी? नोंदणीच्या वेळी पॅरामीटरने व्यवस्थित सेव्ह झालेलं वाकडं नाव तिथे निवांत पडून असतं, आणि तीन महिन्यांनी सीझनचा रिपोर्ट बनवणाऱ्या स्क्रिप्टने ते वाचून दुसऱ्या क्वेरीत चिकटवलं की त्या दिवशी फुटतं. व्हॅल्यू कुठूनही येवो, एक्सेल, एसएमएस, आपलंच टेबल, क्वेरीत रकान्यातूनच जाईल.

आणि जुनी पानं विसरू नका. ब्रिटनमधल्या टॉकटॉक कंपनीवर २०१५ मध्ये हल्ला झाला, १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली, आणि २०१६ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी ४ लाख पौंड दंड लावला. भोक होतं ते कंपनीने २००९ मध्ये विकत घेतलेल्या धंद्यासोबत आलेल्या जुन्या वेबपानांत, आणि युक्ती हीच, एसक्यूएल इंजेक्शन. आमच्याकडेही वाकडी ओळ ज्या पानावर चालली ते पान मुख्य बिलिंगचं नव्हतंच, कोणीतरी एकदा केलेला आणि नंतर कोणीच न उघडलेला रिपोर्ट होता. म्हणून रिपोर्टसाठी डेटाबेसचा वेगळा युजर करा, ज्याला फक्त सिलेक्टची परवानगी आहे, तेही लागतील तेवढ्याच टेबलांवर. ह्याने भोक बुजत नाही, पण भोकातून किती जाईल ते कमी होतं.

स्वतःचा प्रोजेक्ट तपासायला अर्धा दिवस पुरतो. अख्ख्या कोडमध्ये एक्झिक्युट, रॉ, क्वेरी हे शब्द शोधा, आणि जिथे जिथे सापडतील तिथे पहिल्या आर्ग्युमेंटमध्ये प्लस, टक्का, फॉरमॅट, एफ-स्ट्रिंग किंवा बॅकटिक आहे का पाहा. जे सापडेल त्याच्यासमोर लिहा, तुकडा आपला की बाहेरचा. बाहेरचे आधी दुरुस्त करा, रिपोर्टच्या पानांपासून सुरुवात करा. मग ब्राउझर उघडून प्रत्येक डब्यात डि'सूझा टाका, सर्चमध्ये ५०% टाका, गाव रिकामं सोडा, यूआरएलमधल्या ऑर्डरच्या जागी काहीतरी भलताच शब्द लिहा. आमच्या टेस्टच्या डेटाबेसमध्ये आता डि'सूझा नावाचा शेतकरी कायमचा ठेवलाय, गाव काटोल, आणि प्रत्येक रिलीजच्या आधी त्याची पट्टी काढून पाहतो, नाव चिन्हासकट बरोबर छापून आलं पाहिजे.